बिल माफ झाले पंपाचे, गिरणीचे नाही



७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आपल्या अंगावर घेतले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचा भार हलका झाला. पण ज्याची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला या माफीचे काय? त्याला दोन पैसे जादा मिळायचे तर तूर डाळ करून आणि ज्वारी पीठ करून विकावी लागेल. म्हणून गावोगाव गिरण्या, मिनी डाळमिली, मिरची कांडप उभे राहत आहेत. त्यांचे मीटर उद्योगाच्या दराने फिरते. तिथे माफी नाही.

दर कमी व्हावा यासाठी भांडायचे आहेच. पण आपल्याच शेडमध्ये वाया जाणारे युनिट वाचवायला मोर्चा लागत नाही.

हिशेब मांडू. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला सुमारे साडेआठ युनिट खाते. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडते असे समजा, तर तासाला ८५ रुपये झाले. गिऱ्हाईक एक डबा घेऊन येते, मोटर सुरू होते. दुसरे येईपर्यंत दगड रिकामे फिरतात. रिकाम्या फिरण्यालाही वीज लागते. दळणाच्या वेळा ठरवा, डबे जमू द्या, मग सलग दळा. याला खर्च शून्य.

दगड बोथट झाले की तेच दळण जास्त वेळ घेते. वेळेवर टाकी लावा. ढिला पट्टा घसरतो आणि मोटरची शंभरातली पाच टक्के ताकदही खाऊ शकतो. पट्टा ताणून, दोन्ही पुल्या एका रेषेत आणा. बेअरिंगला वंगण द्या.

मोटर जळाली की आपण ती भरून आणतो. काम निकृष्ट झाले तर दर खेपेला ती थोडी जास्त खादाड होते. धडधाकट मोटर काढू नका. पण दुसऱ्यांदा जळाली तर नवी घेण्याचा हिशेब करा. १० अश्वशक्तीत जुन्या आयई-१ दर्जाच्या मोटरची कार्यक्षमता ८६ टक्के, आयई-३ ची सुमारे ९० टक्के. वर्षाला १,५०० तास पूर्ण भारावर चालली तर सहाशेहून जास्त युनिट वाचतात. म्हणजे सहा हजार रुपये, दरवर्षी.

ज्यांचा मंजूर भार २० किलोवॅटच्या, म्हणजे साधारण २७ अश्वशक्तीच्या वर आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. राज्यात एप्रिल २०२० पासून अशा जोडण्यांना केव्हीएएच पद्धतीने आकारणी लागू झाली. पॉवर फॅक्टर ०.८० असेल तर १०० युनिटच्या कामाला १२५ चे बिल येते. योग्य मापाचा कपॅसिटर बसवला की हा भुर्दंड बराचसा टळतो. माप जाणकार वायरमनकडून ठरवा. गरजेपेक्षा मोठा कपॅसिटरही नुकसान करतो.

आणि बिल वाचा. गिरणी, डाळमिल ही उद्योगाच्या वर्गवारीत येतात. बिलावर चुकून व्यापारी वर्गवारी पडली असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

कुणी म्हणेल, या चार-दोन युनिटांनी काय होणार? डाळमिलीचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. स्थिर आकार आणि कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. हप्ता थकला की शेडला कुलूप लागते आणि तूर पुन्हा कच्चीच अडत्याच्या काट्यावर जाते. वाया गेलेल्या युनिटची किंमत शेवटी तुरीच्या भावातूनच कापली जाते.

पुढच्या जिल्हा बैठकीला गिरणी-डाळमिल चालवणाऱ्यांनी, बचत गटांच्या बहिणींनी बारा महिन्यांची बिले आणि मोटरच्या पाटीवरचे आकडे उतरवून आणावेत. एकेक बिल मांडीवर घेऊन वाचू. वीज कंपनीच्या दारात दराचे भांडण घेऊन जाऊ, तेव्हा आपला हिशेब चोख असला पाहिजे.