राष्ट्राची कल्पना आणि तोंडाने ओढलेला धागा

विद्यापीठात शिकणारी आमची पोरं हल्ली अभ्यासवर्गात बेनेडिक्ट अँडरसनचं नाव घेतात, अर्नेस्ट गेल्नरचं घेतात. आनंद आहे. ज्यांच्या आज्यांना कुणी शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवंडांनी जगातले विद्वान कोळून प्यावेत हे आम्हाला हवंच आहे. आमचं भांडण वाचण्याशी नाही. 'राष्ट्र म्हणजे कल्पित समुदाय' एवढंच पाठ करून आता सगळं कळलं असा जो आव आणला जातो, त्याच्याशी आहे.

दोघांची पुस्तकं १९८३ सालची. अँडरसन सांगतो की एकमेकांना जन्मात न भेटणारी लाखो माणसं एका भाषेत छापलेलं वर्तमानपत्र वाचतात आणि 'आपण सारे एक' असं मानू लागतात. प्रत्यक्षात विषमता कितीही असो, कल्पना मात्र बरोबरीच्या भावकीची असते. गेल्नर तर मानववंशशास्त्रज्ञच, मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरात जाऊन अभ्यास केलेला. तो म्हणतो, कारखानदारी आली की माणूस बापजाद्याच्या कामाला चिकटून राहू शकत नाही. त्याला इकडून तिकडे हलावं लागतं, सगळ्यांना एकसारखी शाळा, एकसारखी भाषा लागते आणि त्यातून राष्ट्रवाद उभा राहतो.

हे सगळं मुंबई-पुण्यात आणून तपासायला काय हरकत आहे?

वर्तमानपत्राचंच घ्या. 'केसरी' १८८१ पासून निघत होता. मराठी मुलखात राष्ट्रीय चळवळ ज्या छापील शब्दावर वाढली, त्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, पैसे देऊन. छापली गेली नाही. टिळक तेव्हा हयात होते. भाषा तीच, लिपी तीच, छापखान्याचे खिळेही तेच. तरी एका वाचकवर्गाने दुसऱ्याला पानावर बोटभर जागासुद्धा दिली नाही, आणि तीही विकत! अँडरसनच्या सिद्धांतात वर्तमानपत्र माणसं जोडतं. आमच्याकडे त्याच वर्तमानपत्राने वेस घातली. पण राष्ट्रवादाच्या अभ्यासात ही न छापलेली जाहिरात पुरावा म्हणून किती जण धरतात?

गेल्नरची गत याहून वाईट. मुंबईच्या कापड गिरण्या म्हणजे आधुनिक भारताची शान. गावगाडा सोडून आमची माणसं तिथे आली. गावची महारकी सुटली, मजुरी रोख मिळू लागली, भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजू लागला. पण विणाई खात्याचा दरवाजा बंद. का? धोट्यातली कांडी बदलली की विणकर सुताचं टोक तोंडाने ओढून घेत असे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ! विणाई खात्यात पगार जास्त होता. आमच्या वाट्याला कमी पगाराचं कताईकडचं काम. यंत्र मँचेस्टरहून आलं असेल, विटाळ मात्र गावाहून आला आणि सरळ यंत्राच्या तोंडाशी जाऊन बसला.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला की अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम मिळालं पाहिजे. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ही मागणी घेतली, पण कुरकुरत घेतली. ध्यानात घ्या, हे पुढारी भटजी म्हणून मिरवत नव्हते, जगातल्या कामगारांची एकजूट सांगत होते. तरीही धोट्याचा प्रश्न त्यांना 'आतला' वाटला, संप फोडणारा वाटला. राष्ट्रवाद्यांचं उत्तरही हेच असे: आधी स्वराज्य, मग तुमचं बघू. आणि या दोघांतलं भांडण मात्र आपल्याला फार मोठं म्हणून शिकवलं जातं.

मानववंशशास्त्र म्हणजे माणसं एकत्र कशी राहतात, कुणाबरोबर जेवतात, कुणाकडे मुलगी देतात याचा अभ्यास. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवरचा निबंध वाचला तो याच अंगाने. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधात भारताच्या सांस्कृतिक एकतेचा उल्लेख आहे. शाखेची मंडळी तेवढाच तुकडा उचलून मिरवतात. पुढचं वाचत नाहीत. पुढे लिहिलंय की हा मुळातला एकजिनसी समाज जातिअंतर्गत विवाहाच्या बंधनाने कृत्रिमपणे कापून बंद खोक्यांत घातला गेला. एकी होती म्हणून राष्ट्र झालं असं ते म्हणत नाहीत. ती एकी कापली कशी, हे ते सांगतात. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी तोच धागा पुन्हा धरला: हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? तेहतीस वर्षांत प्रश्न बदलला नव्हता.

आता शिरगणतीची गोष्ट. अँडरसनने १९९१ च्या आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय यांच्यावर प्रकरण वाढवलं. वसाहतीच्या सरकारने माणसांना रकान्यांत बसवलं, हा त्याचा मुद्दा. बरोबर आहे. पण १९०६ साली मुस्लिम शिष्टमंडळाने सिमल्याला मिंटोसमोर हिंदूंच्या संख्येविषयी शंका काढली. १९०९ ला विभक्त मतदारसंघ आले. मग १९११ च्या शिरगणतीआधी आयुक्त गेट यांनी परिपत्रक काढून विचारणा केली: हिंदू म्हणवणाऱ्यांपैकी देवळाच्या आत कुणाला सोडत नाहीत? कुणाच्या स्पर्शाने विटाळ होतो? कुणाकडे ब्राह्मण पौरोहित्याला जात नाही? यावर हिंदू पुढाऱ्यांनी गहजब केला. राग कशाचा, तर हे विचारल्याचा. देवळाबाहेर ठेवण्याचा नव्हे. तोवर आमच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांना अचानक आमची डोकी हवीशी झाली. मोजायला हवे, शिवायला नको, अशा हिशेबात आम्ही राष्ट्रात दाखल झालो.

कुणी म्हणेल, तुम्ही इंग्रजांची तळी उचलता. मुळीच नाही. माणसांची नाकं मोजून जातीला वंशाचा मुलामा देणारा रिस्ली त्याच सरकारचा अधिकारी. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. साहेबाचं हत्यार साहेबाच्या सिद्धांतावर चालवलं. आम्हालाही पुस्तकं अशीच वाचायची आहेत. अँडरसनला विचारायचं, तुझ्या बंधुत्वात जाहिरात छापतात का? गेल्नरला विचारायचं, तुझ्या कारखान्यात धोटा कुणाच्या तोंडाला लागतो?

म्हणून पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने घरातल्या जुन्या माणसाशी बोलून यावं. गिरणीत कोण होतं, कुठल्या खात्यात होतं, विणाईत का नव्हतं, पुढे कधी घेतलं आणि पहिल्या दिवशी शेजारच्या साच्यावरचा काय बोलला. लालबाग-परळच्या चाळी उठत चालल्यात, सांगणारी माणसं थोडी उरलीत. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, वर गिरणीचं नाव आणि साल घाला.