शिपाईमामा आणि नखाएवढी चिप

सकाळी शाळा कोण उघडतं? शिपाईमामा! ते कुलूप काढतात, खिडक्या उघडतात, घंटा देतात. मग आम्ही शिक्षक वर्ग सुरू करतो. कॉम्प्युटरमध्येही असाच एक शिपाईमामा असतो बरं का! बटण दाबलं की तो आधी जागा होतो, मेमरी, पडदा, कीबोर्ड सुरू करतो आणि मग कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हाती देतो. त्याचं नाव फर्मवेअर. हा प्रोग्रॅम नखाएवढ्या चिपमध्ये राहतो.

आमच्या शाळेला एक जुना लॅपटॉप भेट मिळाला. त्याचं वायफाय कार्ड बिघडलेलं. दुसरं चांगलं कार्ड बसवलं, तर पडद्यावर सूचना आली, 'हे कार्ड चालणार नाही, काढा.' कंपनीने फर्मवेअरमध्ये ठरावीक कार्डांची यादीच घालून ठेवली होती. यादीत नाव नाही, तर प्रवेश नाही!

चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, लॅपटॉप आपला आहे ना? मग?"

प्रश्न अगदी बरोबर होता. असाच प्रश्न अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनाही पडला होता. बंदिस्त फर्मवेअर त्यांच्या मनासारखं वागेना. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी 'लिनक्सबायॉस'चं काम सुरू केलं. २००८ मध्ये त्याचं नाव 'कोअरबूट' झालं. ते कसं लिहिलंय, हे कुणीही वाचावं, सुधारावं, वाटावं. त्याच्यावरच आधारलेलं 'लिबरबूट' थिंकपॅड एक्स-२०० सारख्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

मग आम्ही काय केलं? माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. आधी त्याने आमचं मॉडेल कोअरबूटच्या यादीत आहे का, ते पाहिलं. होतं! चार्जर आणि बॅटरी काढली. चिपला चिमटा लावला. मला वाटलं, आता जुनं पुसणार. पण छे! त्याने आधी जुन्या फर्मवेअरची नक्कल उतरवून घेतली, तीही दोनदा, आणि दोन्ही ताडून पाहिल्या. त्या जुळल्याच नाहीत! चिमटा नीट बसला नव्हता. पुन्हा बसवला, पुन्हा दोनदा उतरवलं, तेव्हा तंतोतंत जुळल्या. मगच नवं फर्मवेअर चिपवर लिहिलं.

घाई केली असती तर? नवं चाललं नसतं आणि जुनंही हाती उरलं नसतं. लॅपटॉप नुसता डबा झाला असता.

बटण दाबलं, तेव्हा सगळा वर्ग श्वास रोखून उभा होता. पडदा उजळला. आणि ते 'नको असलेलं' कार्ड मुकाट्याने चालू लागलं!

जुनी नक्कल पेन ड्राइव्हमध्ये, शाळेच्या कपाटात जपून ठेवली आहे.

आता तुमच्यासाठी काम. घरचा कॉम्प्युटर उघडू नका हं! फक्त आईबाबांना विचारून, त्याच्या फर्मवेअरची तारीख कोणती आहे ते शोधा आणि वहीत लिहा. आणि हो, काहीही बदलण्याआधी काय करायचं? जुनं जपायचं, दोनदा!

तुमच्या,
बाई