टाकीतले सहा लिटर कुठे गेले?

मागच्या एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, आमच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो थेट मागच्या बाकावर जाऊन बसला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचे अब्बा ट्रक चालवतात आणि मालकाने त्यांच्यावर डिझेलचोरीचा आळ घेतला आहे. कामथडी पडले महामार्गावरचे गाव. इथे गाडीची गोष्ट गाडीच्या आधी पोहोचते. मुलांनी ती शाळेपर्यंत आणली होती.

मगरिबनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. हकीकत अशी. कोल्हापूरहून माल घेऊन गाडी असरच्या सुमारास मालकाच्या आवारात लागली. मालकाने टाकीत डिपची पट्टी घातली, २८० लिटर भरले. रात्री ड्रायव्हरभाई केबिनमध्येच झोपले. फजरनंतर मालकाने पुन्हा पट्टी घातली तर २७४. तेल बोटभर खाली! झाकणाचे कुलूप शाबूत, जमिनीवर थेंब नाही. "रात्री गाडीत तूच होतास," एवढेच मालक म्हणाला, पण चार माणसांत, चहाच्या टपरीवर म्हणाला. नव्वदच्या भावाने ५४० रुपये पगारातून कापले.

"सर, पैसे का गम नहीं," ते म्हणाले, "अल्लाह गवाह है, एक बूंद नहीं निकाली." भाभी दाराआड उभ्या होत्या. मुलगा पुस्तक उघडून बसला होता, पान मात्र उलटत नव्हता.

आम्ही एकच प्रश्न विचारला: गाडी आली तेव्हा टाकीला हात लावून पाहिला होता का? ते म्हणाले, "हात लावून? चटका बसत होता."

उत्तर तिथेच होते. तापले की पदार्थ पसरतो, हे आपण सातवी-आठवीत शिकतो आणि रेल्वेच्या रुळांमधल्या फटीचे उदाहरण पाठ करून विसरून जातो. लोखंड फार थोडे पसरते. द्रव त्याच्या कितीतरी पट पसरतो, आणि त्यातही डिझेल पाण्यापेक्षा सुमारे चौपट. एक अंश सेल्सियस तापमान वाढले की १००० लिटर डिझेलचे साधारण ८३० मिलिलिटर जास्त होते. उतरले की तेवढेच आक्रसते.

आता ट्रकची टाकी पाहा. ती चाकांच्या मधे, उघड्यावर असते. वरून एप्रिलचे ऊन, खालून डांबराची धग. शिवाय आजच्या डिझेल इंजिनात पंप गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो, आणि न जळलेले तेल गरम होऊन परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येते. म्हणजे टाकीतले तेल दिवसभर इंजिनाकडून शेकले जाते. लांबच्या फेरीनंतर ते ५० अंशांवर असणे नवलाचे नाही. पहाटेपर्यंत ते २५ वर आले, तर २५ अंशांचा फरक झाला. २८० लिटरवर हिशोब करा: पाच लिटर आणि वर ८०० मिलिलिटर. मालकाची पट्टी सहा लिटर कमी दाखवत होती.

टाकीचे लोखंडही आक्रसले असेल, पण ते पाव लिटरइतके. तेलाचे वजन मात्र ग्रॅमभरही कमी झालेले नसते. आणि इंजिन जाळते ते वजन, पट्टीवरची रेघ नव्हे.

हे आम्ही मालकाला सांगितले. ते नमाजी गृहस्थ, आमच्याशी अदबीने बोलले, पण चेहऱ्यावर 'मास्तरांचे पुस्तकी ज्ञान' असे स्पष्ट लिहिलेले होते. मग आम्ही म्हणालो, शेठ, आपण पुन्हा मोजू. तीन दिवसांनी गाडी परत आली तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर दोरा बांधून टाकीत सोडला. ४७ अंश. पट्टीवर २४० लिटर. झाकणाला कुलूप मालकाचे, किल्ली मालकाच्या खिशात, वर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर मालकाची सही. ड्रायव्हरभाई त्या रात्री घरी झोपले. गाडी तसूभरही हलवायची नाही असे ठरले होते, कारण जमीन जराशी उतरती असली तरी पट्टीचा आकडा बदलतो. सकाळी तेल २५ अंशांवर आले होते, आणि पट्टी साडेचार लिटर खाली. मालकाने पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पुसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी हा अंक घेऊन मालकासमोर उभे राहायचे. एवढ्या तेलात रात्रीतून वीस-पंचवीस लिटर कमी झाले तर त्याला थंडी कारण नाही. हिशोबाबाहेरची तूट ही तूटच. महामार्गावर डिझेल चोरीला जाते, हे आम्हीही जाणतो.

घरात मुलांना हे दाखवायचे असेल तर डिझेल-पेट्रोलला हात लावू नका. औषधाची १०० मिलीची काचेची बाटली गोडेतेलाने काठोकाठ भरा. झाकणाला भोक पाडून पारदर्शक स्ट्रॉ बसवा आणि फट मेणाने बुजवा. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. स्ट्रॉमध्ये तेल डोळ्यांदेखत तीन-चार बोटे चढते. आमच्या वर्गात हा प्रयोग कोणी केला, ते सांगायला नकोच.

चढलेल्या तेलाला स्ट्रॉची वाट मिळते. काठोकाठ भरलेल्या टाकीला ती मिळत नाही. ३०० लिटरची टाकी झाकणापर्यंत भरली आणि तेल २० अंशांनी तापले, की पाच लिटर डिझेल जागा शोधू लागते आणि झाकणाच्या, हवा-नळीच्या वाटेने रस्त्यावर येते. पुढे कापूरहोळ, शिरवळ आणि खंबाटकीचा चढ. डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही. वळणावर त्याचा पातळ थर पसरतो आणि मागून बायको-मुलांना घेऊन येणाऱ्या दुचाकीचे चाक त्यावरून सरकते. अमेरिकेत ट्रकच्या टाक्या ९५ टक्क्यांच्या वर भरताच येऊ नयेत अशा बनवण्याचा नियम केला गेला होता. आपल्याकडे 'फुल कर' म्हणजे झाकणाला तेल लागेपर्यंत! घरात कोणी गाडी चालवत असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा.

'पहाटे डिझेल भरले की जास्त मिळते' असेही लोक आम्हाला ऐकवतात. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोहोचत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी २० लिटरमागे ३३ मिली, म्हणजे तीन रुपये. त्यासाठी झोपमोड करू नये, फजरसाठी उठलाच असाल तर गोष्ट वेगळी. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पंपावर घनता लिहिलेली असते, ती १५ अंश तापमानाला धरून काढलेली. घनतेचा आकडा तापमानाशिवाय अर्धा असतो म्हणूनच.

आणि हे काही आजचे ज्ञान नाही. मर्व शहरात अल्-खाझिनी यांनी ११२१च्या सुमारास 'मीझान अल्-हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. द्रवात तरंगवून त्याची घनता मोजणाऱ्या नळीचे वर्णन त्यात आहे, आणि पाणी गार-गरम झाले की वजन-मापात फरक पडतो याची नोंदही आहे. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. ती आपण दुकानदारासाठी आहे असे समजून वाचतो. पगार कापणाऱ्याच्या हातातली पट्टीही मापच आहे, हे आमच्याही ध्यानात त्या टाकीपाशीच आले.

मालकाने ५४० रुपये परत दिले. टपरीवर बोललेला शब्द टपरीवर जाऊन मागे घ्या, असे आम्ही दोनदा सुचवले. ते 'बघू' म्हणाले, अजून बघताहेत. ड्रायव्हरभाई आता वहीत तीन आकडे लिहितात: वेळ, पट्टी, तापमान. खाली मालकाची सही घेतात. थर्मामीटर त्यांच्याकडेच आहे, आणि डेडस्टॉक रजिस्टरात आमच्या नावावर उसना म्हणून चढलेला आहे.