घरपट्टी कमी हवी? मग आधी खर्चाची फाईल मागा

परतवाडा-अचलपूरकरहो,

घरपट्टीचं बिल आलं की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. पानठेल्यावर नगरपरिषदेचा उद्धार होतो आणि बिल टीव्हीमागे खोचलं जातं. यातल्या कशानंही कर कमी होत नाही. उलट थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढत जाते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. बँकेचं कर्जसुद्धा याहून स्वस्त पडतं.

कर कमी करा, ही मागणी रास्तच आहे. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मागणी अशी, की अमुक खर्च बंद करा. हे दुसरं वाक्य आपण बोलत नाही, म्हणून पहिलं कोणी मनावर घेत नाही.

आपला परतवाडा वसला तोच मुळी विचारल्याशिवाय झालेल्या खर्चावर. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च आणि त्यापायी झालेली निजामाची देणी भागवायला 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्या फौजेची एक छावणी परतवाड्याला होती, ती 1903 पर्यंत राहिली. वऱ्हाडातल्या शेतसाऱ्यावर फौज पोसली गेली. सारा भरणाऱ्या कास्तकाराला कोणी विचारलं नाही. त्याला विचारायचा हक्कच नव्हता. आपल्याला आहे, आणि आपण तो वापरत नाही.

विचारायचं कसं, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दाखवून ठेवलं आहे. 1902 साली कायदेमंडळात सरकार अंदाजपत्रकातली शिल्लक मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे समोर ठेवले आणि सांगितलं, की ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेची नाही, जादा कराची आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. तो 1903 मध्ये दोन रुपये, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपयावर आला. एकट्या भाषणानं हे घडलं असं नाही. पण ज्याच्या हाती सरकारचे आकडे असतात, त्याला वेड्यात काढता येत नाही.

आता उलट बाजूही पाहा. कोल्हापुरात खासगी कंपनीकडून रस्ते करून घेतले आणि टोल बसवला. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे झाली, अख्खं शहर रस्त्यावर आलं आणि अखेर टोल गेला. लढा मोठाच होता. पण कंपनीची भरपाई साडेचारशे कोटींहून अधिक झाली आणि ती सरकारी तिजोरीतून गेली. नाक्यावर न दिलेला पैसा राज्यातल्या सगळ्यांनी मिळून दिला, त्यात आपणही आलो. करार होतो त्या दिवशी विचारलं नाही, तर पुढे नुसता खिसा बदलतो, खर्च टळत नाही.

म्हणून पहिलं काम घरातलं. बिल काढा आणि नीट वाचा. नगरपरिषदेत घरपट्टी ठरते ती घराला वर्षाला किती भाडं येऊ शकतं यावरून. समजा ते 24,000 रुपये धरलं, तर दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होऊन 21,600 हे करयोग्य मूल्य, आणि त्याच्या टक्केवारीत कर. तुमच्या घराचं मोजमाप बरोबर आहे का? जुन्या कवेलूच्या घराला स्लॅबचा दर तर लागला नाही? राहत्या खोलीला दुकान तर लिहिलं नाही? दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यादी लागते आणि लेखी हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. त्या दिवसांत हरकत नोंदवा, पोच घ्या, सुनावणीला जा. मुदत संपल्यावर काढलेला मोर्चा जोरात निघतो, पण कागदावर त्याचं वजन नसतं. आणि वाद असला तरी बिल थकवून ठेवू नका. बिलात शिक्षण कराची ओळ असते, तो पैसा राज्याकडे जातो. कोणती ओळ कोणाची, हे कळलं म्हणजे चुकीच्या दारात भांडण होत नाही.

दुसरं काम खर्चाचं, आणि खरा पैसा तिथेच आहे. तुमच्या गल्लीतलं एकच काम निवडा: चांगला रस्ता उखडून टाकलेले गट्टू, दोन पावसाळ्यांत फुटलेली नाली, सौंदर्यीकरणाच्या नावाखाली उभी केलेली कमान. त्या कामाच्या फाईलमध्ये अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा झालेली बिलं असतात. अंदाजपत्रकात जाडी किती लिहिली, पुस्तिकेत किती मोजली, प्रत्यक्षात किती आहे, हे टेप लावून पाहायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोषदायित्वाचा कालावधी पाहा. त्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करून द्यायचं असतं. मुदत संपायच्या आत त्याच रस्त्यावर नवं काम मंजूर होत असेल, तर तिथे बोट ठेवा.

फाईल पाहायला कोणाची ओळख लागत नाही. राज्य सरकारच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार आहेच: 10 रुपयांचा अर्ज आणि 30 दिवसांची मुदत. कांडली-देवमाळीकडच्या मंडळींनी हेच प्रश्न ग्रामसभेत विचारावेत आणि ते ठरावाच्या वहीत लिहून घ्यावेत.

आता थोडं कडू बोलतो. निवडणुकीत कोणी म्हणालं, घरपट्टी माफ करतो, तर त्याला विचारा: कोणता खर्च काढून? नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून गावगाडा बराचसा वरून येणाऱ्या अनुदानावर चालतो. पंधराव्या वित्त आयोगानं तर नगरपालिकांच्या अनुदानाला मालमत्ता कराची वसुली वाढवण्याची अटच घातली. माफी देऊन अनुदान गमावलं, तर ती माफी महागात पडते. आणि वरून आलेला पैसा फुकटचा नसतो. सदर बाजारात साबणाची वडी घेताना, गाडीत पेट्रोल टाकताना तो आपणच भरलेला असतो. ‘शासनाचा निधी आहे, आपलं काय जातं?’ असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

काटकसरीच्या नावाखाली नको तिथे कात्रीही लावू देऊ नका. सफाई कामगाराची मजुरी, नळाच्या पाण्याचं शुद्धीकरण, शाळेचं छत, पावसाळ्याआधी बिच्छन आणि सापन नद्यांच्या काठची साफसफाई, यावरचा पैसा उधळपट्टी नाही. कपात करायला सोपे म्हणून गरिबांचे खर्च आधी कापले जातात, कारण कमानीला ठेकेदार असतो आणि नालीसफाईला फक्त मजूर.

हे एकट्यानं होत नाही. एकटा माणूस अर्ज करतो तेव्हा त्याला तक्रारखोर म्हणतात. गल्लीतली दहा घरं सोबत गेली की खुर्च्या दिल्या जातात. त्यात एक शिक्षक, एक गवंडी आणि हिशेब लिहिणारी एखादी बचतगटाची ताई असू द्या. पक्षाचा झेंडा आणू नका. आरोप करण्याआधी कागद पाहा, आणि काम चांगलं निघालं तर तेही चारचौघांत सांगा. मग पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहील. अर्थसंकल्पाच्या तयारीचे दिवस आले की तुमच्या प्रभागाची यादी लेखी द्या: ही दोन कामं नकोत, हे एक हवं, आणि वाचलेल्या पैशात दरवाढ टाळा.

येत्या सोमवारी दुपारी 3 वाजता एक तास काढा. शेजाऱ्याला सोबत घ्या, नगरपरिषदेत जा आणि आपल्या गल्लीतल्या एका कामाची फाईल मागा.