बॉम्बची भीती, पेट्रोलची रांग

ऑक्टोबर 2018 मध्ये ‘लोनली प्लॅनेट’ने 2019 साली आवर्जून जावं अशा देशांची यादी काढली आणि पहिला क्रमांक श्रीलंकेला दिला. सहा महिन्यांनी, 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या सकाळी तीन चर्च आणि कोलंबोतली तीन बडी हॉटेलं बॉम्बस्फोटांनी हादरली. अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यांत कित्येक परदेशी पाहुणे होते. मे 2018 मध्ये श्रीलंकेत सुमारे 1 लाख 29 हजार पर्यटक उतरले होते. मे 2019 मध्ये आले जेमतेम 38 हजार.

यात नवल नाही. हल्लेखोरांच्या साथीदारांचा शोध सुरू होता. ब्रिटनने आणि भारतानेही आपल्या नागरिकांना अगदी गरज असेल तरच जा, असं बजावलं होतं.

पण 2022 चे आकडे यांच्याशेजारी ठेवले की विचार करावा लागतो. त्या वर्षी बॉम्ब फुटला नव्हता. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. पेट्रोलसाठी मैलभर रांगा, तासन् तास वीज नाही, रस्त्यावर आंदोलनं. मार्चमध्ये लाखावर पर्यटक आले. मे महिन्यात ते 30 हजारांवर घसरले. युक्रेन युद्धाचाही त्यात वाटा होता, कारण रशियन आणि युक्रेनियन पाहुणे तिथे मोठ्या संख्येने येत. तरीही जीवघेण्या हल्ल्यानंतरच्या मे महिन्यापेक्षा हा आकडा कमी आहे. सुट्टी नासण्याची धास्ती जिवाच्या भीतीइतकीच हॉटेलं रिकामी करते, हे श्रीलंकेने तीन वर्षांत दोनदा भोगलं.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं की, जे भयंकर आणि अनोळखी वाटतं ते माणसाला जास्त धोक्याचं वाटतं. प्रत्यक्ष बळींची संख्या त्याच्या हिशेबात मागे पडते. म्हणून बॉम्बला घाबरणारा पर्यटक मे ते सप्टेंबरच्या नैर्ऋत्य मोसमात दक्षिणेकडच्या हिक्काडुवा किंवा मिरिसाच्या खवळलेल्या समुद्रात बेलाशक उतरतो. त्याच दिवसांत पूर्वेकडच्या त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. हे सांगणारा माणूस भेटला तर जीवही वाचतो आणि सहलही साधते.

पर्यटकाच्या समाधानाचं गणित याहून बारीक आहे. एप्रिल 2024 मध्ये कोलंबोत एका परदेशी पाहुण्याला कोत्तूच्या, म्हणजे तुकडे केलेल्या रोटीच्या, एका प्लेटची किंमत 1900 श्रीलंकन रुपये सांगून दमदाटी झाली. चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी विक्रेत्याला अटक केली. ही तत्परता योग्यच होती. तिथे कुणाच्या जिवाला धोका नव्हता, पण फसवलं गेल्याची चीड पर्यटक घरी घेऊन जातो आणि चार जणांना सांगतो.

श्रीलंकेच्या पर्यटन खात्याने सुंदर जाहिरातींवरचा थोडा पैसा जिल्हावार, रोजच्या रोज, खरी माहिती देण्यावर खर्च करावा: समुद्र कुठे खवळलाय, इंधन कुठे मिळतंय, रिक्षाचा रास्त दर काय. अडचण आधी कळली तर पर्यटक ती सोसतो; लपवली तर परत येत नाही.

2024 मध्ये तिथे पुन्हा 20 लाखांवर पर्यटक गेले आणि सर्वाधिक भारतातून गेले. तिकडे निघालेल्या मराठी वाचकाने सरकारी इशारा जरूर वाचावा. फक्त तो कोणत्या तारखेचा आणि कोणत्या भागासाठी आहे, हे पाहूनच बुकिंग रद्द करावं.