‘येथून फाडा’ म्हणे!

आपल्या त्रैमासिकात संतवाङ्मयावर, सीमाभागातील मराठीवर आणि विस्मृतीत चाललेल्या म्हणींवर विपुल लेखन येत असते. चहाच्या पाकिटावर कोणी लिहिल्याचे आमच्या स्मरणात नाही. विषय क्षुद्र आहे, असे काही सभासदांना वाटेल. परंतु ज्या वस्तूशी आपली रोज सकाळी गाठ पडते आणि जिच्यापुढे साठी उलटलेला माणूस बहुधा हार खातो, ती क्षुद्र म्हणवत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की जे वेष्टन विकत घेणाऱ्याला हत्यारावाचून उघडत नाही ते सदोष आहे, आणि ते सदोष आहे असे कायद्याने म्हटले पाहिजे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, मादन हिप्परग्यात चहा पुडीत बांधून येई. दुकानदार तराजूतली पत्ती वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यावर ओती, कागदाच्या घड्या घाली, डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून पुडीभोवती उभे-आडवे वेढे देई आणि बोटाच्या एका हिसड्याने दोरा तोडी. घरी दोऱ्याचे टोक ओढले की पुडी आपली आपण उलगडे. त्यासाठी बळ लागत नसे, कात्री लागत नसे, वाचताही यावे लागत नसे. दोरा काडीला गुंडाळून ठेवला जाई आणि कागद वाचला जाई. निजामाच्या राजवटीत आपल्या भागात कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची कन्नड आणि आपल्या घरांची मराठी अशी वाटणी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर उर्दू कचेरीतून गेली, तरी रद्दीत ती पुष्कळ दिवस टिकून होती. साखरेची पुडी कन्नड, चहाची उर्दू आणि जिऱ्याची सोलापूरच्या मराठी दैनिकाची, अशा तीन लिप्या एकाच पिशवीतून घरी येत.

त्या पुडीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चहा शेजारचा वास चटकन उचलतो. हिंगाचा आणि रॉकेलचा वास लागलेला चहा आम्ही प्यायलो आहोत. वापरून वाळवलेली, वर रंग चढवलेली पत्ती मिसळण्याचा धंदाही सुट्या चहातच चाले. मळ्यातून चहा निघे तो प्लायवूडच्या पेटीत, आतून धातूच्या वर्खाचे अस्तर लावून. आणि दुकानात येऊन उघड्या गोणीशेजारी बसला की त्या अस्तराचा उपयोग संपे. तेव्हा बंद पाकीट आले हे योग्यच झाले. तक्रार आहे ती पाकीट बंद करणाऱ्यांनी आपले काम अर्धेच केले याविषयी.

आजचे पाकीट वरून एकसंध दिसले तरी ते एकावर एक चिकटवलेल्या पापुद्र्यांचे असते. बाहेर छपाईसाठी पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख अथवा धातूचा मुलामा, आत उष्णतेने जोड बसावा म्हणून पॉलिथिन. यांतील ताणून तयार केलेल्या पापुद्र्याचा स्वभाव मोठा विचित्र आहे. त्याची कड अखंड असेपर्यंत तो कितीही ओढा, फाटत नाही. आणि कडेला एकदा चीर पडली की ती आवरत नाही, आडवी जायची ती उभी धावते. म्हणून आपल्या सर्वांच्या घरी एकच नाटक होते. प्रथम दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढणे, मग दात, मग ज्यांची कवळी आहे त्यांनी विळी किंवा अडकित्ता, आणि शेवटी एकाएकी पाकीट पोटापर्यंत फाटून पाव किलोतील निम्मी पत्ती ओट्यावर. कोपऱ्यात मात्र इंग्रजीत ‘येथून फाडा’ असे लिहिलेले आणि शेजारी बाणाचे किंवा कात्रीचे चित्र असते. त्या बाणाच्या टोकाशी खाच शोधावी तर पुष्कळदा ती नसतेच. चित्र छापायला शाई लागते. खाच पाडायला यंत्रात एक पाते बसवावे लागते. कारखानदाराने शाई निवडली.

त्याला उपाय ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय नाही. कडेला बारीकशी खाच पाडली किंवा कड करवतीसारखी दातेरी ठेवली की बळ एका बिंदूवर एकवटते आणि लहान मुलाच्या हातानेही पाकीट फाटते. पानमसाल्याची पुडी पाहा. ती एका हाताने, मोटारसायकलवर बसल्या बसल्या उघडते. सिगारेटच्या पाकिटावरील पारदर्शक कागदाला तर एक बारीक पट्टीच लावलेली असते. टोक ओढले की आवरण गोल फिरून सुटते, अगदी आमच्या जुन्या पुडीच्या दोऱ्यासारखे. म्हणजे ज्या वस्तूवर ‘आरोग्यास अपायकारक’ असे सरकार छापावयास लावते, तिच्या गिऱ्हाइकाच्या बोटांची एवढी काळजी, आणि चहा पिणाऱ्या म्हातारीने मात्र दात लावावेत!

म्हातारी हा शब्द आम्ही अलंकारासाठी योजलेला नाही. आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेल्या एक काकू एकट्याच राहतात. एक मुलगा पुण्यास, एक हैदराबादेस. बोटांची पेरे संधिवाताने वाकली आहेत, तरी वाडा स्वतः झाडतात, भाकरी स्वतः थापतात. त्यांना जमत नाही ते एवढेच : दुधाची पिशवी, चहाचे पाकीट आणि औषधाच्या बाटलीचे झाकण. दुधाची पिशवी सकाळी दूधवालाच कापून पातेल्यात ओतून देतो. चहाचे पाकीट त्या दुकानातच फोडून घेतात आणि बरोबर नेलेल्या डब्यात ओतून आणतात. दुकानदार भला आहे म्हणून चालले आहे. पण एकदा पाकीट फोडल्यावर माल जुनाट निघाला तर परत कोणाला द्यायचा? आपल्या घरांत पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारण्याची रीत नाही. चहा पुढे येतो. डब्यातली पत्ती संपलेली आणि नवे पाकीट तसेच बंद पडलेले, अशा दिवशी कोणी आले तर या काकू ओसरीवरूनच बोलून निरोप देतात. आम्ही हे दोनदा पाहिले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दारी आलेल्याला कोरडे जाऊ दिले नाही, तिला ही पाळी यावी, आणि ती एका प्लास्टिकच्या पापुद्र्यापायी यावी, याचा आम्हांस संताप येतो.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘कात्री ठेवा की जवळ!’ कात्री आमच्याकडे आहे. ती नव्या कोऱ्या आवरणातून बाहेर काढण्यास जुनी कात्री लागली होती, हा भाग वेगळा. पण या उत्तरास इतिहास आहे. डबाबंद अन्नाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली पीटर ड्युरँडला मिळाले. डबा उघडण्याचे साधन अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ साली नोंदवले. मधली जवळजवळ अर्धी शतकभर लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडीत होते. आज आपण त्या छिन्नीवर हसतो आणि चहाच्या पाकिटाला विळी लावतो.

पाकीट फुटले तरी चहाची कटकट संपत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. पातेल्यातून चहा गाळणीत ओतताना तो पातेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळून ओट्यावर येतो. घरातील सुनेला यावरून बोल लावण्याची पद्धत आहे. दोष सुनेचा नाही. गोल, जाड काठाला द्रव चिकटून मागे वळतो, हे पदार्थविज्ञान आहे. मार्कुस राइनर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्याला ‘किटलीचा परिणाम’ अशा अर्थाचे नावही दिले. काठ पातळ आणि धारदार असेल किंवा पुढे नीट चोच असेल, तर धार सरळ पडते. आपल्या भांडेवाल्यांनी मात्र काठ वळवून जाड केले आणि चोच काढून टाकली. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वस्तूंच्या रचनेवर एक प्रसिद्ध पुस्तक लिहिले. वस्तू वापरताना चूक झाली की माणूस स्वतःला दोष देतो, वास्तविक दोष बहुधा रचनेचा असतो, असा त्यांचा सिद्धान्त. त्या पुस्तकाशी जाक कारेलमान या फ्रेंच चित्रकाराच्या किटलीचे चित्र कायमचे जोडले गेले आहे : तोटी आणि मूठ एकाच बाजूला, ओतणाऱ्याच्या हातावरच पडावे अशी. कारेलमानने ती थट्टेने काढली होती. आमची पाकिटे गंभीरपणे काढलेली आहेत.

दुसरीकडे हे करून दाखवले गेले आहे. जपानमध्ये काओ कंपनीने १९९१ साली शाम्पूच्या बाटलीवर उठावाच्या रेघा आणल्या, जेणेकरून डोळे मिटून किंवा आंधळ्यालाही शाम्पूची बाटली हाताला ओळखू यावी. ही कल्पना तिने स्वतःपुरती राखून न ठेवता इतरांना मोकळी केली. तिथे दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावर अर्धगोल खाच असते. हाताला खाच लागली म्हणजे दूध, आणि उघडण्याची बाजू खाचेच्या समोरची. वेष्टन सहज उघडता यावे यासाठी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १७४८०. शोध लावायचा राहिलेला नाही.

आता आपल्याकडील कायदा. सरकारी नोकरीत उभी हयात गेल्यामुळे कलमे वाचण्याची खोड आम्हांस लागली आहे. आवेष्टित वस्तूंचे नियम प्रथम १९७७ साली आले, २०११ साली वैध मापनशास्त्राच्या नव्या कायद्याखाली नवे झाले. पाकिटावर कोणाचा माल, किती वजन, कोणत्या महिन्याचा, कमाल किंमत किती, तक्रार कोठे करावी, हे सारे छापावे लागते; अक्षरांची उंचीसुद्धा मिलिमीटरमध्ये ठरवून दिली आहे. चहा १००, १२५, २५० ग्रॅम अशा ठरावीक मापांतच बांधावा, हे बंधन पूर्वी होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते काढले आणि एककाची किंमत छापण्याचा नियम आणला. एवढ्या सूक्ष्म नियमावलीत पाकीट उघडता आले पाहिजे असे एकही वाक्य नाही. भाषेचे म्हणाल तर मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा. अन्य भाषा जोडीला घालण्यास मुभा आहे. कंपन्या बहुशः इंग्रजी निवडतात. तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांतील वृद्धांच्या वाट्याला येते ती चौथी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४३ सांगते, की सर्वांना वापरता येतील अशा रीतीने रचलेल्या उपभोग्य वस्तूंच्या निर्मितीस व वितरणास शासनाने चालना द्यावी. हे कलम एका खात्याच्या कपाटात आणि आवेष्टनाचे नियम दुसऱ्या खात्याच्या कपाटात आहेत. या दोन कपाटांची भेट घडवणे हे काही मोठे धोरण नव्हे, एका टिपणीचे काम आहे. नियमांत एक पोटनियम घालावा : घरगुती वापराच्या खाद्यवस्तूंच्या वेष्टनास हाताने उघडता येईल अशी खाच किंवा पट्टी असावी, आणि जेथे ‘येथून फाडा’ छापले असेल तेथे ते फाटावे. खर्च वाढेल असे म्हणणाऱ्यांनी एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीची दातेरी कड पाहावी.

आपल्या मंडळाने या मजकुराचे निवेदन केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे पाठवावे, असा ठराव आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. कन्नड मित्रमंडळींनीही सही करण्याचे मान्य केले आहे, कारण पाकिटाने भाषेचा भेद केलेला नाही. तोवर सभासदांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी; तेथे मराठीत बोलता येते. कंपनीलाही थेट कळवावे. तक्रारीचा पत्ता आणि दूरध्वनी प्रत्येक पाकिटावर असणे सक्तीचे आहे. मात्र तो कापण्यापूर्वी उतरवून घ्यावा. वरच्या जोडालगत छापलेला असला तर विळीखाली पहिल्यांदा तोच जातो.