कंपनीची कचेरी आणि आमचा घाट

परवा कर्जत लोकलच्या डब्यात वाद रंगला. विषय मुंबईच्या सीएसएमटीचा. पुनर्विकासाला २०२२ साली केंद्राने मंजुरी दिली, तेव्हापासून नवे रूप कसे असावे ही चर्चा निघतेच. एक मित्र म्हणाले, "स्टेशनला घुमट हवाच कशाला होता? त्या पैशात फलाट वाढले असते."

आम्ही म्हणालो, दादा, ते नुसते स्टेशन नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची ती मुख्य कचेरी. स्टीव्हन्स या इंग्रजाने आराखडा केला. १८७८ पासून दहा वर्षे काम चालले, १६ लाखांवर रुपये लागले. कंपनीला दिमाख दाखवायचा होता, म्हणून घुमटावर मशाल आणि चाक घेतलेली 'प्रगती' उभी केली. पण दगडातले कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. तेव्हा घुमटाला नावे ठेवणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. ही प्रगती आली कुठून? आमच्या पळसदरीच्या वरून! १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात २५ बोगदे खोदले गेले. एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत. पटकीने हजारो गेले. घाट फुटला म्हणून दख्खनचा कापूस रुळावरून मुंबई बंदरात उतरला. ठेकेदाराचे नाव पुस्तकात सापडते, पाटी वाहणाऱ्या बाईचे नाही.

नव्या आराखड्यात त्या मजुरांसाठी एक शिला असावी. तीही लोकलच्या फलाटाकडे, जिथून कर्जत-खोपोलीची माणसे रोज जातात.

मित्र म्हणाले, "मग लिहा की रेल्वेला." अर्ज लिहून झाला आहे. सह्यांसाठी रविवारी घरोघर येत आहोत.